उभ्या गाडीचं माप

माझ्या पोटात दुखतं, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कोणीतरी शोधून काढलं असं व्हायला नको. माझ्या धाकट्या जावेचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि तिचं फारसं वाईट कधी होत नाही, त्यामुळे दुखणं कायमचं आहे.

आमचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागेच घर. बंद पडलेल्या, ठोकलेल्या, चरात गेलेल्या गाड्या उचलून आणायच्या आणि दुरुस्त करायच्या, हा धंदा. आमचे हे फोन घेतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. दीर इंजिनं उघडतात, आणि बहुतेक वेळा पुन्हा बंदही करतात. गाड्या ओढून आणायला एक ट्रक आहे. त्याच्या मागे लोखंडी दांडा, दांड्याला साखळी आणि आकडा. आणि सामान मी आणते.

बावीस वर्षं आणते. मला विचारल्याशिवाय या गॅरेजात वायसर आलेला नाही. माझी एक मापांची वही आहे, कडा तेलानं काळ्या झालेली. कोणत्या गाडीला कोणता पट्टा, कोणती बेअरिंग, किती लांबीचा बोल्ट, सगळं तिच्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं. बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे की या घरातल्या दोन्ही पुरुषांना गंडवता येतं, बाईला नाही. ही माझी कमाई. मला दागिन्यांची हौस नाही, मुलं आपापल्या वाटेला लागली, स्वयंपाक जेमतेम येतो. 'हिला विचारा' एवढे दोन शब्द मी या घरात कमावले, आणि ते मी फार जपून ठेवले होते.

चार वर्षांपूर्वी धाकटी आली. लग्नाआधी ती पाण्याचा टँकर चालवायची. तो एकदा भर रस्त्यात बंद पडला, दीर उचलायला गेले, आणि टँकरबरोबर तीही आमच्याकडे आली म्हणा ना. घरात आल्यावर आठ दिवस ती नव्या नवरीसारखी वागली, नवव्या दिवशी ट्रकवर चढली, ती काही उतरली नाही. आता गिऱ्हाइकं फोनवर सांगतात, त्या बाईंना पाठवा. मी बावीस वर्षं या घरात बाईच आहे, मला पाठवा असं कोणी म्हणालं नाही.

गेल्या वर्षी तिनं सुचवलं की मागचा दांडा दोन हात लांब करू, म्हणजे मोठ्या व्हॅनसुद्धा उचलता येतील. मी म्हटलं काही गरज नाही. दांडा लांब झाला. मोठ्या व्हॅन येऊ लागल्या. तेव्हापासून मी अंगणातून जाताना त्या दांड्याकडे बघत नाही. दिरांनी ट्रकचं नाव उंट ठेवलं, कारण मागे ओझं लागलं की तो पुढून तोंड वर करतो. मग मी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, उंटावरची शहाणी. हे नाव मी कुणाला सांगितलं नाही, पण भांडी घासताना पुष्कळ वापरलं.

तर शॉकअपची गोष्ट. एके दिवशी दुपारी ती गाडी लावून खाली उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की पुढचे शॉकअप संपले, नाक नाचतंय, स्टिअरिंग हातात राहत नाही. दीर लगेच खाली आडवे झाले. डावा शॉकअप तेल गळून कोरडा झाला होता आणि उजव्याचा दांडा मधेच अडकून बसला होता. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीचं वजन पेलतात ते चाकांवरचे लोखंडी पाटे. शॉकअप वजन पेलत नाही, तो उडी आवरतो. चाक खड्ड्यात गेलं की पाटा उसळतो, आणि त्याला 'पुरे आता' असं म्हणणारा शॉकअप. घरात तसं कुणीतरी लागतंच. मी हात पुसले आणि वही काढायला उठले.

तेवढ्यात हे म्हणाले, "कोणते घ्यायचे ते धाकटीला विचार. चालवते ती."

वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. त्यांचा कशातच हेतू नसतो. पण मी तिथेच उभी राहिले, वही अर्धी फळीवर आणि अर्धी हातात. बावीस वर्षं मी आणलेलं सामान त्या दोघांनी डोळे मिटून बसवलं, आणि आज मला सांगतात की हिला विचार. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि रागाच्या खाली जे असतं ते आलं.

थोड्या वेळानं धाकटी आपण होऊन सामानाच्या खोलीत आली. दारात उभी राहूनच बोलली, कारण आत माझी जागा आहे हे तिला कळतं. कळतं हेच तर वाईट. म्हणाली, "ताई, माप घ्याल तेव्हा मला हाक मारा. मागे एखादी गाडी लटकवून मग घेऊ. उभ्या गाडीचं माप खोटं येतं."

खोटं. माझी सगळी वही उभ्या गाड्यांच्या मापांनी भरली आहे. मी म्हटलं, "बघते." आमच्या घरात बघते म्हणजे नाही, हे तिला चार वर्षांत कळलेलं होतं. ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती लवकरच्या फेरीवरून आली आणि जरा आडवी झाली. मी शिवणाच्या पेटीतली टेप घेतली, ट्रकखाली पोतं अंथरलं आणि आत सरकले. वरची खीळ ते खालची खीळ, साडेसतरा इंच. दोन्ही बाजूंचं घेतलं, वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. ट्रक रिकामा, स्वच्छ, गप्प उभा होता.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पोत्यावर आडवी असताना मला सगळं दिसलं. दांडा दोन हात लांब झालाय, म्हणजे ओझं तेवढं मागे गेलं. ओझं मागे गेलं म्हणजे नाक आणखी वर जाणार. नाक वर गेलं म्हणजे या दोन खिळींमधलं अंतर वाढणार, आणि शॉकअपला तेवढं उघडावं लागणार. नाही उघडला तर चाक त्याला लोंबकळत राहणार. यातलं काही मला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि मी ते बाजूला सारलं, कारण ते तिचं होतं.

दुकानात गेले. दुकानदार माझ्या ओळखीचा, इतका जुना की त्याच्या कानावरची पेन्सिलही मी ओळखते. त्यानं मान वर केली, माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "आज त्या नाही आल्या?"

कोण त्या, असं मी विचारलं. मला चांगलं ठाऊक होतं कोण ते. तो हसून म्हणाला, त्या ट्रकवाल्या, परवा कुणाचीतरी गाडी सोडायला इकडे आल्या होत्या, शॉकअपबद्दल चांगलं विचारत होत्या, जाणकार आहेत. मी म्हटलं, सामान मी बघते. त्यानं घाईघाईनं मान हलवली. मग काचेवर दोन जोड ठेवले. एक राखाडी, लांबुडके, दिसायला अगदी साधे. दुसरे निळे, जाडजूड, चकाकणारे, हातात घेतले तर मनगट वाकेल असे.

मी माप सांगितलं. त्यानं पेन्सिल कानावरून काढली. "साडेसतरा. उभ्या गाडीचं की ओझ्याचं?"

मी विचारलं, फरक काय पडतो. तो समजावून सांगू लागला. ओझ्याचं असेल तर हे निळे बसतील, मजबूत आहेत, पण कमी उघडतात. उभ्या गाडीचं असेल तर हे राखाडी घ्या, चार बोटं जास्त उघडतात. मागे ओढणाऱ्या गाडीला पुढे जाडीपेक्षा लांबी महत्त्वाची, परवा त्याही तेच म्हणत होत्या.

तो शेवटचं वाक्य बोलला नसता तर, असं मला पुष्कळदा वाटतं. पण तो बोलला.

"ओझ्याचं," मी म्हणाले. म्हणताना मी वहीत बघत होते.

निळे घेऊन आले. दिरांनी सकाळी बसवले. ट्रक अंगणात असा उभा राहिला की नवाच वाटावा. दिरांनी बंपरवर जोर देऊन दाबलं, सोडलं, नाक एकदा खाली गेलं, वर आलं आणि गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा गप्प. शेजारचा सुतारही येऊन एकदा दाबून गेला. हे कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "सामान आणावं तर हिनंच."

त्या एका वाक्यावर मी दोन दिवस जगले. भाजीत मीठ विसरले तरी कुणाला काही बोलू दिलं नाही. धाकटी मात्र त्या वेळी उकिडवी बसून खाली बघत होती. तिनं शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर बोटं ठेवली, जणू किती शिल्लक आहे ते मोजतेय. मग माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. ती उठली आणि म्हणाली, "छान आहेत, ताई."

चोराच्या मनात चांदणं. पहिल्या फेरीवरून ती आली तेव्हा मी कारण नसताना फाटकाशी झाडत होते. विचारलं, कसे आहेत. म्हणाली, चांगले आहेत. दुसऱ्या दिवशीही विचारलं, तेच उत्तर. पण तिला उशीर होऊ लागला. जिथून ती तासाभरात यायची तिथून दोन तास लागू लागले. एका दुकानदाराची व्हॅन आणायला इतका वेळ गेला की तो फाटकातूनच बडबडत आत आला. संध्याकाळी ती उजव्या मनगटाला ओलं फडकं गुंडाळून बसू लागली. दिरांनी विचारलं तर म्हणाली, झोपेत अवघडलं.

मग यांची कुरकुर सुरू झाली. हिचं मन कामात नाही, नवी नवलाई संपली, गाडी नवी करून दिली तर ही बैलगाडी चालवते. मी पलीकडे बसून प्लग घासत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अगदी आतपर्यंत बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याबद्दल असं बोलत होतं, आणि ते मला बोलावं लागलं नव्हतं. मी तो एकच प्लग इतका घासला की त्यात तोंड दिसावं.

तिनं शॉकअपचा शब्दही काढला नाही. मला वाटत होतं काढेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. नाचता येईना अंगण वाकडं, हे तर जिभेवरच होतं. तिनं ते वापरायची संधीच दिली नाही, याचाही मला राग आला.

शुक्रवारी रात्री यांनी जेवताना ठरवून टाकलं. सोमवारपासून ट्रक दिरांनी चालवायचा, धाकटीनं फोनवर बसायचं. दीर म्हणाले मला चालवायला आवडत नाही, दादा. हे म्हणाले आवडीचा प्रश्न नाही, गिऱ्हाइकं जातायत. धाकटीनं ताटातलं मीठ बोटानं इकडून तिकडे सरकवलं, आणि म्हणाली, "बरं." तिला ट्रकवरून उतरवणं म्हणजे काय हे त्या ताटाभोवती मला एकटीला समजत होतं, कारण माझ्याकडची वही कुणी काढून घेतली तर मीही असंच मीठ सरकवलं असतं. मला फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले. आणखी भात वाढून घेतला.

शनिवारी सकाळी फोन आला. शाळेची लहान बस उताराच्या रस्त्यावर कडेच्या चरात गेली होती. मुलं उतरवून घरी पाठवली होती, बस रिकामी होती. हे दुसऱ्या कामाला बाहेर गेले होते आणि दिरांनी एक इंजिन असं उघडून ठेवलं होतं की सोडून जाणं शक्य नव्हतं. ट्रकबरोबर दोन माणसं लागतात, एकानं चालवायचं आणि एकानं मागचा आकडा बघायचा. दीर म्हणाले, वहिनी, तुम्ही जाता का. बावीस वर्षांत मी त्या ट्रकचे टायर, ब्रेक, पट्टे, आरसे सगळं आणलं होतं. ओझं मागे असताना त्यात कधी बसले नव्हते. कुणी बसवलंही नाही, मीही मागितलं नाही.

चढताना तिनं हात दिला. मी तो घेतला नाही, दांडीला धरून चढले आणि गुडघा आपटून घेतला. जाताना ट्रक रिकामा होता आणि इतका छान गेला की मी पाठ टेकून बसले. खड्डा आला की एकदा हलायचं, पुन्हा गप्प. न राहवून मी म्हटलं, बघ कसा चालतोय.

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "हो. रिकामा छान चालतो."

बस उचलायला अर्धा तास लागला. ती काम करते कसं ते मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. साखळी दोनदा तपासली, माझ्याकडून एकदा तपासून घेतली, आकडा वर घेताना एक एक वीत थांबली. मी पदर खोचून उभी होते आणि मनात म्हणत होते, असेल जाणकार, असू दे.

मागे बस लटकवून आम्ही उतरणीला लागलो. नाक वर गेलं. समोरच्या काचेत रस्ता कमी आणि आभाळ जास्त दिसू लागलं. पहिल्या खड्ड्यात पायाखाली ठक झालं. लोखंडावर लोखंड. पुढच्या खड्ड्यात पुन्हा ठक. त्या ठकाबरोबर स्टिअरिंगला असा झटका बसायचा की तिचं उजवं मनगट वळून पुन्हा सरळ व्हायचं. काय होतंय ते मला पहिल्याच ठकाला कळलं. शॉकअप पुरता उघडून संपला होता, त्याच्यापुढे त्याला जागा नव्हती, आणि चाक त्याला लोंबकळत होतं. रस्त्यावर टेकलं न टेकलं असं. साडेसतरा इंच.

ती माणसाच्या चालीनं चालवत होती. आता मला कळलं, दोन तास का लागतात ते.

वळण आलं. तिनं स्टिअरिंग फिरवलं, आणि ट्रक वळला नाही. सरळ जात राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. वळणाच्या कडेला एक माणूस सायकल हातात धरून चालला होता, त्याची पाठ आमच्याकडे होती आणि सायकलला मागे पिशवी लटकत होती. ती पिशवी मोठी होत गेली. मग ठक झालं, चाकांनी रस्ता पकडला, आणि ट्रक वळला. त्या माणसानं मागे वळूनही बघितलं नाही.

पुढे सपाट जागा आली तिथे तिनं गाडी थांबवली. माझे दोन्ही हात समोरच्या फळीला चिकटलेले होते, ते मी एकेक करून सोडवले.

"हे पहिल्या दिवसापासून?" मी विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती मनगट चोळत राहिली. मग म्हणाली, "सांगणार होते. पण दादा म्हणाले ना, सामान आणावं तर हिनंच. तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. चार वर्षांत तुम्ही तशा कधी दिसला नव्हता. वाटलं, हळू चालवून निभेल."

आता कुणी म्हणेल की माझे डोळे भरून आले असतील. नाही आले. मला तिला चापटी मारावीशी वाटली. मी चार वर्षं तिच्यावर जळत होते, आणि ती माझी कीव करत होती. माझ्याकडे जे एक होतं ते तिनं मला राहू दिलं होतं, आपलं मनगट मोडून. चालवणं तिचं, दांडा तिचा, गिऱ्हाइकं तिची, आणि वर हा चांगुलपणाही तिचाच. मला काही उरलंच नाही. उरलेल्या वाटेवर मी प्रत्येक ठक मोजत राहिले. चौपन्न झाले.

पण चौपन्न मोजता मोजता एक गोष्ट मनात आली आणि ती जाईना. सोमवारी या जागेवर दीर बसणार होते. दीर हळू चालवत नाहीत. त्यांना गाडी चालवायचा कंटाळा आहे, म्हणून ते लवकर पोचायला बघतात. आणि ते वळण तिथेच असणार होतं.

संध्याकाळी सगळे घरात होते. हे चपला काढत होते. मी म्हटलं, "शॉकअप मी चुकीचे आणले. माप उभ्या गाडीचं घेतलं आणि दुकानात ओझ्याचं म्हणून सांगितलं. तिनं मला आधी बजावलं होतं. ती हळू चालवते म्हणून अजून कोणी मेलं नाही."

यांच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. दीर धाकटीकडे बघू लागले, मग तिच्या मनगटाकडे. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, आणि झाला असता तर मला सोपं गेलं असतं. हे ओरडले नाहीत. चप्पल जागेवर ठेवली, सामानाच्या खोलीत गेले, फळीवरची वही आणली आणि धाकटीच्या पुढ्यात ठेवली. "यापुढे तू बघ. ट्रकवरही तूच बस."

मला वाटलं ती नको म्हणेल. इतकी चांगली ती, नको म्हणणारच. वही माझ्याकडे सरकवेल, ताईंचीच आहे म्हणेल, आणि मी तोंड फिरवीन आणि मग घेईन. मी हे सगळं मनात ठरवून वाट बघत होते. तिनं हात पदराला पुसले, दोन्ही बाजूंनी नीट पुसले, आणि वही उचलली. पहिलं पान उघडून वाचायलाच बसली.

त्या रात्री मी जेवले नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

सकाळी दिरांनी निळे शॉकअप काढून ठेवले. धाकटीनं अंगणातच मागे एक जुनी व्हॅन लटकवली, दांडा वर घेतला, आणि लीव्हर धरून उभी राहिली. उंटानं तोंड वर केलं. मी ओसरीवर बसून बघत होते, बघत नसल्यासारखी. तिनं हाक मारली, "ताई, टेप धरा. मला लीव्हर सोडता येत नाही."

दीर तिथे होते. त्यांना टेप धरता आली असती. पण मी उठले, पेटीतली टेप काढली, पोतं अंथरलं आणि खाली सरकले. वरची खीळ ते खालची खीळ. दोनदा घेतलं, मग दुसऱ्या बाजूचं घेतलं.

"एकवीस," मी खालून ओरडले. साडेसतरा आणि चार बोटं. ती चार बोटं मी पोत्यावर आडवी असताना हातानं मोजून बघितली, तर्जनीपासून करंगळीपर्यंत.

तिनं लीव्हर अडकवून वहीत लिहिलं. बाहेर आल्यावर मी तिच्या हातावरून वाकून बघितलं. माझ्या अक्षराखाली तिचं अक्षर, गुरांनी तुडवल्यासारखं. "तुझा एक नऊसारखा दिसतो," मी म्हटलं. "दुकानदार एकोणतीस वाचेल. नीट काढ." तिनं खोडलं आणि नीट काढला. शेजारी कसलं माप ते, उभ्याचं की ओझ्याचं, लिहायला सांगितलं, तेही लिहिलं. मग वही काखेत धरून बाजारात गेली. काखेत तिच्या, माझ्या नाही. मी फाटकापर्यंत बघत राहिले.

तासाभरानं फोन वाजला. हे बाहेर होते म्हणून मी घेतला. दुकानदार होता. म्हणाला, तुमच्या धाकट्या जाऊबाई समोर उभ्या आहेत, एकवीस म्हणतात, पण मागच्या वेळी साडेसतरा होतं. मी त्यांना विचारलं तर म्हणतात माप ताईंनी घेतलंय, त्यांनाच विचारा. म्हणून विचारतो.

मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. त्या गलक्यात ती कुठेतरी वही धरून उभी असणार.

"उभ्या गाडीचं की ओझ्याचं?" त्यानं विचारलं.

"ओझ्याचं," मी म्हणाले.

"नक्की?"

"मी खाली होते," मी म्हटलं. "राखाडी द्या."

फोन ठेवला. तिनं राखाडीच आणले. पहिल्याच दिवशी तिला विचारलं असतं तर तिनं तेच सांगितलं असतं, हे मला ठाऊक आहे, आणि ते अजूनही पोटात दुखतं.